गळती तपासणीच्या दिवशी टाकी भरलेली का हवी?

पाण्याचे बिल एकाएकी वाढले की पहिला संशय मीटरवर जातो. मीटर उघडणे किंवा त्याचे सील काढणे आमच्या अखत्यारीत येत नाही. त्यासाठी पाणीपुरवठा विभागाकडेच अर्ज करावा लागतो. पुरवठा सुरू होताना पाइपात कोंडलेली हवा मीटर फिरवते, ही तक्रार खोटी नाही. परंतु आमच्या पाहण्यात वाढीव बिलाचे कारण बहुतेक वेळा मीटरच्या पुढे, ग्राहकाच्याच आवारात सापडते.

ते शोधताना आमचा सर्वाधिक वेळ एकाच कारणाने वाया जातो. प्लंबर येणार म्हणून अनेकजण टाकी रिकामी करून ठेवतात. काहीजण तर ती आतून धुऊन पुसूनही ठेवतात. हेतू चांगला असला, तरी रिकाम्या टाकीतून काहीच गळत नाही आणि दाब नसलेला पाइप फुटका असूनही कोरडा दिसतो, त्यामुळे टाकी पुन्हा भरेपर्यंत आम्हाला थांबावे लागते किंवा दुसऱ्या दिवशी यावे लागते.

टाकी असलेल्या घरात तपासणी दोन टप्प्यांत होते. मीटरपासून टाकीपर्यंतचा पाइप पुरवठ्याच्या वेळेतच तपासता येतो. वाटेत कुठे थेट नळ असल्यास तो बंद करून टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह पूर्ण आवळावा आणि मीटरवरचे लाल आकडे पाहावेत; ते सरकत राहिले, तर गळती जमिनीखालच्या पाइपात आहे. येथे बॉलकॉकवर, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळावर, विसंबू नये, कारण त्याचा वॉशर झिजला असेल तर पाणी टाकीत झिरपतच राहते, टाकी भरल्यावर ओव्हरफ्लोच्या पाइपातून गच्चीवरच्या पन्हाळीत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

टाकीच्या पुढची गळती मीटर थेट दाखवत नाही. त्यासाठी पुरवठा थांबल्यावर रात्री पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने खूण करावी, टाकीतून बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करावा आणि सकाळी पाणी येण्यापूर्वी पातळी पाहावी. पाणी उतरले असेल, तर टाकीच गळते आहे, किंवा तो व्हॉल्व्ह नीट बसत नाही. व्हॉल्व्ह बंद असता पातळी स्थिर राहते, पण दुसऱ्या रात्री तो उघडा ठेवून पाणी न वापरताही ती खाली जाते, असे आढळल्यास दोष घरातल्या पाइपात किंवा फ्लशच्या टाकीत असतो. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास ती न वापरता भांड्यात रंग उतरतो का, हे पाहिले की तोही संशय मिटतो. तळ १ मीटर लांब व १ मीटर रुंद असलेल्या टाकीत पातळी १ सेंटीमीटर उतरली, तर १० लिटर पाणी गेले असे समजावे. रोज ३ सेंटीमीटर म्हणजे महिन्याला ९०० लिटर, जवळजवळ १ घनमीटर.

गळती सापडली नाही तरी तपासणीचे शुल्क का, असेही विचारले जाते. दोष नेमका कुठे आहे हे ठरल्याशिवाय आम्ही फरशी फोडत नाही, आणि न फोडलेल्या फरशीचा खर्च ग्राहकाचाच वाचतो. दुरुस्ती आमच्याकडून करून घेतल्यास हे शुल्क त्या रकमेतून वजा होते. बॉलकॉकचे वॉशर व फ्लशचे सुटे भाग आम्ही सोबतच आणतो, त्यामुळे अशी कामे बहुधा त्याच भेटीत उरकतात.

वेळ ठरवताना आपल्या भागात पाणी किती वाजता येते हे अवश्य कळवावे आणि मीटरच्या पेटीवर ठेवलेल्या कुंड्या आधी हलवून ठेवाव्यात.