सॅमनपालन आणि मोकळा सॅमन

सॅमनपालन म्हणजे समुद्रात जाळीचे पिंजरे टाकून सॅमन वाढवणं. वाशीच्या मॉलमध्ये सुशीवर जो केशरी तुकडा येतो तो बहुतेक असाच, पिंजऱ्यातला. आणि हो, नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळणीकडचा रावस, जो ॲपवर 'इंडियन सॅमन' म्हणून खपवतात, तो सॅमन नव्हेच, कूळच वेगळं.

नॉर्वेत हा धंदा 1970 च्या सुमारास उभा राहिला, आता वर्षाला साधारण 15 लाख टन माल निघतो. पिंजरे असतात फियोर्डमध्ये, म्हणजे खाडीच, पण आपल्या ठाणे खाडीसारखी उथळ, चिखलाची नाही, दोन्हीकडे डोंगर आणि खाली खोल पाणी. एका पिंजऱ्यात 2 लाखांपर्यंत मासे ठेवायची परवानगी आहे. गोची अशी की जाळी अडवते फक्त माशाला, बाकी विष्ठा, रोगजंतू, उवा सगळं पाण्याबरोबर बाहेर.

त्यातल्या त्यात उवांचा ताप मोठा. ही ऊ कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातली, माशाची कातडी आणि वरचा बुळबुळीत थर खाते. मोठा मासा थोड्या उवा सहन करतो, पण नदीतून पहिल्यांदाच समुद्राकडे निघालेलं वीतभर पिल्लू दहाएक उवांनीही मरू शकतं, आणि त्याची वाट नेमकी पिंजऱ्यांवरून जाते. पूर्वी त्या दिवसांत किनाऱ्याला मोठे सॅमन कमीच असायचे म्हणून उवाही कमी, आता त्यांना बारा महिने खानावळ उघडी. म्हणून नॉर्वेत एका माशामागे सरासरी 0.5 मादी उवेची मर्यादा आहे, पिल्लांच्या हंगामात 0.2 (अर्धी ऊ कशी मोजतात विचारू नका, सरासरी आहे).

दुसरी भानगड पळालेल्या माशांची. पिंजऱ्यातला मासा झटपट वाढावा म्हणून पिढ्यानपिढ्या निवडून काढलेला, तो नदीत शिरून मोकळ्या सॅमनशी जुळला की पिल्लं तिथे नीट तगत नाहीत. नॉर्वेत तपासलेल्या नद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नद्यांतल्या सॅमनमध्ये ही भेसळ सापडली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 2017 ला पिंजरा कोसळून अडीच लाखांच्या आसपास मासे सुटले, तेही अटलांटिकचे आणि सुटले पॅसिफिकमध्ये! पुढच्याच वर्षी तिथे परक्या जातींच्या पिंजऱ्यांवर बंदीचा कायदा आला.

सगळं खापर पिंजऱ्यांवर फोडता येत नाही, समुद्र तापतोय, नद्यांवर धरणं आहेत, तरी 2024 च्या जूनमध्ये नॉर्वेला 33 नद्यांतली सॅमनची मासेमारी थांबवावी लागली, इतके कमी मासे समुद्रातून नदीत परतले. अलास्कात मात्र 1990 पासून माशांच्या शेतीलाच बंदी आहे, त्यामुळे तिथला सॅमन मोकळ्या पाण्यातलाच, आणि पाकिटावर 'अटलांटिक' छापलं असेल तर तो पिंजऱ्यातला धरून चाला.