देहप्रकृती आणि शरीराचा बांधा

देहप्रकृती : आयुर्वेदानुसार गर्भधारणेच्या वेळीच ठरणारी आणि जन्मभर टिकणारी वात, पित्त व कफ या दोषांची मांडणी. ‘प्रकृती कशी आहे?’ असे आपण एरवी विचारतो ती तब्येत. ती रोज बदलते, ही बदलत नाही. एका, दोन किंवा तिन्ही दोषांच्या प्राबल्यावरून तिचे सात प्रकार मानतात.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या ‘विमानस्थान’ या भागात, आठव्या अध्यायात, दोषांच्या गुणांवरून माणसाचा बांधा सांगितला आहे. वात रूक्ष, म्हणून वातप्रकृतीचा माणूस लहान चणीचा, किरकोळ अंगाचा. अंगावर शिरा आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) जागोजागी दिसतात, चालताना सांधे वाजतात. कफ सांद्र म्हणजे दाट, म्हणून कफप्रकृतीचे अंग भरलेले, घट्ट आणि स्थिर. पित्त उष्ण आणि द्रव. तीळ, वांग, अकाली पिकलेले केस, टक्कल ही त्याची लक्षणे, आणि सांधे व मांस मऊ, शिथिल.

पित्ताचे हे शेवटचे लक्षण लोक विसरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० साली एक्टोमॉर्फ (सडपातळ), मेसोमॉर्फ (पिळदार) आणि एंडोमॉर्फ (गोलसर) असे देहाचे तीन प्रकार मांडले. आजकालचे तक्ते त्यांची वात, पित्त, कफाशी सरळ जोडी लावतात आणि पित्ताच्या वाट्याला पिळदार मेसोमॉर्फ देतात. चरकाचे शिथिल मांस त्यात बसत नाही. घट्ट, बांधेसूद शरीर तिथे कफाचे आहे.

कफप्रकृती म्हणजे लठ्ठपणा, हा समजही चुकीचा आहे. अतिस्थौल्याचा, म्हणजे अति लठ्ठपणाचा, विचार चरकाने ‘सूत्रस्थान’ या भागात वेगळा केला आहे. कारणे आपल्या ओळखीची : जड व गोड पदार्थ अति खाणे, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे, त्यांच्या जोडीला आनुवंशिक बीजस्वभावही. अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही निंद्य, तरी त्यांतल्या त्यात कृश बरा, असा त्याचा निर्वाळा आहे.

शरीराच्या घडणीसाठी तर प्रकृतीपलीकडच्या स्वतंत्र परीक्षा आहेत. ‘सार’ म्हणजे रक्त, मांस, हाडे अशा शरीरधातूंचा कस, ‘संहनन’ म्हणजे हाडे, सांधे आणि मांस यांची घट्ट बांधणी, ‘प्रमाण’ म्हणजे मोजमाप. मोजमाप ज्याच्या त्याच्या बोटांनीच करायचे : उंची ८४ अंगुळे, आणि पसरलेल्या हातांची लांबीही तेवढीच. सारपरीक्षेच्या ओघात चरक वैद्याला बजावतो की नुसते शरीर पाहून फसू नकोस. अंगाने भरला म्हणून बलवान, बारीक म्हणून दुबळा, असे ठरवू नकोस. दाखला मुंगीचा आहे. एवढीशी असून ती केवढा भार ओढून नेते!

त्यामुळे जाणता वैद्य वजनकाट्यावरच्या आकड्यापाशी थांबत नाही. तो मनगटाचे हाड चाचपतो, गुडघा वाकवायला सांगून आवाज ऐकतो, भूक किती आणि केव्हा लागते ते विचारतो, आणि विशीत अंग कसे होते तेही.