स्तनपानानंतर ढेकर काढणे

दूध पिताना बाळाच्या पोटात गेलेली हवा बाहेर यावी म्हणून त्याला उभे धरून पाठ थोपटण्याची रीत. नवजात बाळाच्या बाबतीत ती घरोघरी पाळली जाते. बाळ मान धरू लागले, कुशीवर वळू लागले की तिची गरज ओसरत जाते. उष्टावणाच्या सुमारास, म्हणजे सहाव्या महिन्यापर्यंत, अंगावर पिणाऱ्या बहुतेक बाळांचा ढेकर मुद्दाम काढावा लागत नाही. घरातल्या आज्यांना हे पटवणे सोपे नसते, ही गोष्ट वेगळी.

बाळ उताणे असताना जठरातले दूध मागच्या बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडापाशी साचते आणि हवा पुढच्या बाजूला अडकून राहते. उभे धरले की दूध खाली बसते, हवा वर सरकते आणि तिथला झडपेसारखा स्नायू सैल पडताच बाहेर येते. म्हणजे खरे काम उभे धरण्याने होते. थोपटणे दुय्यम, आणि जोरात थोपटणे तर निरर्थकच. चार-पाच महिन्यांचे बाळ दिवसाचा बराच वेळ मांडीवर नाहीतर कडेवर असते, हातपाय झाडते, लोळते. त्यातच त्याची हवा सुटते.

स्तनाची पकड नीट असेल, तर अंगावर पिताना हवा सहसा बाटलीपेक्षा कमी जाते. पान्हा जोराचा असला किंवा बाळ रडून रडून मग प्यायला लागले, तर जास्त जाते. चार-पाच महिन्यांच्या वयात आणखी एक कारण असते: बाळाचे पिण्यातले लक्ष उडते. दाराची कडी वाजली, कुणी बोलले, की ते स्तन सोडून तिकडे बघते आणि पुन्हा तोंड लावते. दर वेळी थोडी हवा आत जाते. मध्येच पिणे सोडून अंग ताठ करणारे, खाली ठेवले की कुरकुरणारे आणि उचलले की शांत होणारे बाळ असेल, तर ढेकर काढून पाहावा. बाजू बदलतानाची वेळ त्याला सोयीची. बाळाला मांडीवर बसवून किंचित पुढे झुकवावे, तळहात छातीवर ठेवावा, बोटांनी जबडा सावरावा (गळा दाबला जाऊ नये) आणि पाठीवरून हात फिरवावा. दोन-तीन मिनिटांत ढेकर आला नाही तर नाद सोडावा.

चंडीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी ७१ बाळांवर केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ढेकर काढल्याने पोटदुखीचे रडणे लक्षणीय कमी झाले नाही, उलट त्या गटातली बाळे दूध जास्त वेळा टाकत होती. अभ्यास लहान होता आणि बाळे पहिल्या तीन महिन्यांतली होती. तरीही, त्या वयातही ज्याचा ठोस फायदा दिसला नाही, त्यासाठी पाच महिन्यांच्या बाळाला झोपेतून उठवण्यात अर्थ नाही. रात्री पिता पिता झोपलेल्या बाळाला तसेच उताणे ठेवावे. ढेकर न काढता निजवले तर दूध श्वासनलिकेत जाईल अशी भीती अनेकांना वाटते. परंतु उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटून आलेले दूध तिच्यात शिरणे उलट कठीण जाते.

महाराष्ट्रात बाळाच्या वातावर बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात, वावडिंगाचे पाणी किंवा ग्राइप वॉटर पाजतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा पाजण्याचे उपाय टाळलेलेच बरे.

ढेकराबरोबर घोटभर दूध बाहेर येणे स्वाभाविक आहे. वर्षाच्या आसपास बहुतेक बाळांचे हे थांबते. हिरवी किंवा रक्तमिश्रित उलटी, फुगून घट्ट झालेले पोट, पिण्यास नकार किंवा वजन न वाढणे यांपैकी काही दिसले, तर तो ढेकराचा प्रश्न नसतो आणि बाळाला तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे लागते.