बारा इंची सिंगल

आकार एल.पी.चा, पण एका बाजूला एकच गाणे, अशी रेकॉर्ड. १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत ती रूढ झाली आणि पुढे शिकागोचे हाउस संगीत, म्हणजे ड्रम मशीनच्या ठेक्यावरचे नाचाचे संगीत, तिच्यावरच वाढले. सोल, फंक, डिस्को आणि हाउस ही अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतशैलींची नावे सहसा एका दमात घेतली जातात. त्यांचे नाते ऐकून पटायचे असेल, तर याच तबकड्या ऐकाव्यात.

तबकडीवरचा आवाज म्हणजे सुईला हलवणारी नागमोडी खाच. खर्जातला आवाज जितका मोठा, तितके खाचेचे वळण रुंद. सात इंची सिंगलवर मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने तीन-चार मिनिटांचे गाणे नीट बसे. त्याहून लांब गाणे घ्यायचे तर खाचा एकमेकींना खेटवाव्या लागत, आणि मग बास (खर्जाचे सूर) व किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दबत. रेडिओला, ज्यूकबॉक्सला तेवढे पुरे होते. नाचणाऱ्यांची मात्र पंचाईत होई: ठेका अंगात भिनू लागतो न लागतो तोच गाणे संपे.

टॉम मोल्टन हा गाणी लांबवण्याच्या, म्हणजे रीमिक्सच्या, कामात मुरलेला माणूस. एकदा तो मास्टरिंग अभियंता, म्हणजे तबकडीवर खाच कापणारा, होजे रॉड्रिगेझकडे गेला असता सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. म्हणून गाणे दहा इंचीवर कापले. एवढ्या मोठ्या तबकडीवर गाण्याची चिंचोळी पट्टी मोल्टनला विचित्र दिसली. रॉड्रिगेझने खाचा दूर दूर पसरवल्या आणि आवाजाची पातळीही वाढवली. जे ऐकू आले ते इतके दमदार होते, की पुढची पायरी बारा इंचांची ठरली.

सुरुवातीला अशा तबकड्या फक्त डीजेंना मिळत. दुकानात विकली गेलेली पहिली बारा इंची सिंगल म्हणून डबल एक्स्पोजर या गटाच्या ‘टेन पर्सेंट’चे नाव घेतले जाते (सालसोल कंपनी, १९७६). गॅलेक्सी २१ या क्लबचा डीजे वॉल्टर गिबन्सने सुमारे तीन मिनिटांचे ते गाणे जवळजवळ दहा मिनिटांचे केले. त्यात नवे काही वाजवले नव्हते. गायन बाजूला सारून त्याने ड्रम, काँगा (हाताने वाजवायचे उभे ढोल) आणि बास यांना एकटे बोलू दिले, इतकेच. ड्रमवर होता फिलाडेल्फियाचा अर्ल यंग. मात्रेमात्रेवर किक आणि वर हाय-हॅटची (झांजांच्या जोडीची) सळसळ हा त्याचा ठेका १९७३ च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यातच घडला होता. आधी सोल गाण्याच्या पाठीशी असलेला हा ठेका ‘टेन पर्सेंट’मध्ये पुढे येतो. केवळ तालाचे हे तुकडे डीजेला दोन गाणी सांधायलाही उपयोगी पडत.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळेत, डिस्कोच्या विरोधात म्हणून लोकांनी आणलेल्या रेकॉर्डांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी तिथे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाने पुढे सांगितले, की लोकांनी आणलेल्या कित्येक रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या. त्या दिवसाची आठवण ‘डिस्कोविरोध’ एवढ्याच शब्दात गुंडाळणे म्हणूनच चुकीचे आहे.

त्याच शहरात, वेअरहाउस क्लबमध्ये, फ्रँकी नकल्स १९७७ पासून डीजे होता, आणि पुढे तो फिलाडेल्फियाची गाणी टेप कापून-जोडून लांबवू लागला. ‘हाउस’ हे नाव याच क्लबवरून पडले असे मानतात. १९८४ मध्ये जेसी साँडर्स आणि हाच व्हिन्स लॉरेन्स यांनी ‘ऑन अँड ऑन’ केले. पहिली हाउस रेकॉर्ड म्हणून बहुधा तिचाच उल्लेख होतो. साँडर्सकडची एक आवडती बारा इंची, डिस्कोचे तुकडे जोडून केलेली, चोरीला गेली होती. ती पुन्हा मिळवण्याऐवजी त्याने ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर तिची चाल स्वतःच उभी केली. लॅरी शर्मनच्या शिकागोतल्या रेकॉर्डांच्या कारखान्यात ‘ऑन अँड ऑन’ छापली गेली. शर्मनच्या ट्रॅक्स कंपनीच्या हाउस रेकॉर्डांसाठी पुढे जुने व्हिनाइल वितळवूनही वापरले जाई. त्या प्रतींवर सुई ठेवली की किकच्या आधी खरखर ऐकू येते.