लिनक्स फुकट, मग लॅपटॉप स्वस्त का नाही?

लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. तिचा लॅपटॉप घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. विंडोजचा परवाना वाचला, मग किंमत का उतरत नाही? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९९०च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट अनेक संगणक उत्पादकांकडून विकलेल्या यंत्रांच्या संख्येवर शुल्क घेई, यंत्रात त्यांची सिस्टीम असो वा नसो. दुसरी सिस्टीम द्यायची तर दुहेरी भुर्दंड. अमेरिकी न्याय विभागाशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीनं ही पद्धत बंद झाली, पण तोवर दुकानातला संगणक विंडोजचाच असं ठरून गेलं होतं. २००७च्या अखेरीस तैवानच्या आसुसनं सात इंची पडद्याचा ई-पीसी हा छोटा लॅपटॉप लिनक्ससह आणला आणि तो भराभर खपला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं अशा स्वस्त लॅपटॉपांपुरती विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या विक्रीची मुदत वाढवली आणि लिनक्सची ती जागा हातची गेली.

मोठ्या कंपन्यांना आणखी एक आधार असतो. चाचणीपुरती सॉफ्टवेअर आधीच भरून देण्याबद्दल त्यांना पैसे मिळतात आणि परवान्याचा बराच भार त्यातून हलका होतो. विंडोज काढलं की तेही उत्पन्न जातं.

लहान उत्पादक इथे कसे टिकले? अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टीम७६ २००५ पासून लिनक्सचे संगणक विकते आहे. डेस्कटॉप ती २०१८ पासून स्वतः बनवते, कारण पत्र्याची पेटी लहान कारखान्यातही कापता-वाकवता येते. लॅपटॉपचं तसं नाही. त्याचे साचे आणि बोर्ड परवडायला खप लाखांत लागतो, म्हणून तैवानच्या क्लेवोसारख्या कंपनीकडून तयार सांगाडा घ्यावा लागतो. तोच सांगाडा दुसरेही आपापल्या नावानं विकतात.

म्हणजे सिस्टीम७६चं स्वतःचं काय? माझ्या मते, तिच्या इंजिनिअरांचा वेळ. झाकण मिटलं की यंत्र झोपलं पाहिजे, उघडलं की वायफायसकट जागं झालं पाहिजे, पंखा उगाच भणभणता कामा नये. एका मॉडेलमागे हे काम तेवढंच, मग यंत्रं दोन हजार खपोत की दोन लाख. खर्च थोड्या गिऱ्हाइकांत वाटला जातो, म्हणून प्रत्येकाचा वाटा जड. शिवाय कोड खुला! तोच सांगाडा दुसरीकडून स्वस्तात घेणाऱ्यालाही तो मिळतो. हे नुकसान सोसूनही कंपनीनं २०१७ मध्ये पॉप ओएस ही लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढली आणि २०१९ मध्ये दोन लॅपटॉपांत कोअरबूट या खुल्या प्रकल्पावर आधारलेलं फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, घातलं. मला याचं मनापासून कौतुक आहे. २०२२ मध्ये एचपीनं पॉप ओएस घालून एक लॅपटॉप विकला.

लिनक्सचे लॅपटॉप विकणाऱ्या प्युरिझम या दुसऱ्या कंपनीनं २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन सुरुवात केली. तिथे गिऱ्हाईकच भांडवलदार झालं.

या धंद्यात चुकीचा अंदाज किती महाग पडतो, ते जर्मनीतल्या टक्सेडो या लिनक्स लॅपटॉपच्या कंपनीनं दाखवलं. मोबाइलमध्ये असतात त्या जातीच्या स्नॅपड्रॅगन चिपवरच्या लिनक्स लॅपटॉपवर सुमारे दीड वर्ष घालवून कंपनीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये तो थांबवला. लिनक्सवर बॅटरी अपेक्षेइतकी टिकत नव्हती, पंख्यावर नीट ताबा मिळत नव्हता. विकायला एकही यंत्र नाही, पगार मात्र दिलेले. त्या कामातला उपयोगी भाग मूळ लिनक्स कर्नलकडे, म्हणजे सगळ्यांच्या लिनक्सच्या सामायिक गाभ्याकडे, देऊ, असं कंपनीनं जाहीर केलं.