शंका विचारतात, संशय घेतात

नोव्हेंबर संपत आला की कस्तुरचंद पार्काजवळच्या पोह्याच्या गाडीवर सकाळी सातलाच गर्दी असते. दर 26 नोव्हेंबरला, मुंबईवरच्या हल्ल्याच्या दिवशी, तिथे बाळ्या हमखास भेटतो आणि पोह्यांवर तर्री पडायच्या आत मोबाइल माझ्या नाकासमोर धरतो. यंदा ती जुनी क्लिप होती, 2008 साली आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलेली. त्या रात्री मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे सीएसटीजवळ उभे आहेत, हेल्मेट चढवतात, बुलेटप्रूफ जॅकेट अंगात घालतात. खाली कोणीतरी लाल अक्षरात लिहून ठेवलेलं: ‘सत्य दडपलं’.

“तू सांग नं, थे जॅकेट गेलं कुठी?”

“सापडलं नाही.”

“काहून नाही सापडलं? फायदा कोनाचा झाला थे पाह्य नं बे!”

करकरे नागपूरच्याच व्हीआरसीई कॉलेजचे, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीचे, 1975 चे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यामुळे नागपुरात हा विषय निघाला की घरचं माणूस गेल्यासारखा निघतो, आणि बाळ्याचा आवाज चढतो तो काही नाटक म्हणून नाही. पण त्याने दहा सेकंदांत दोन वेगळ्या गोष्टी केल्या. जॅकेट कुठे गेलं, ही शंका. फायदा कोणाचा, हा संशय.

दोन्ही ‘येतात’ खरं, तिथवर मराठीही फरक करत नाही. पुढे मात्र करते. शंका आपण विचारतो, तिचं निरसन होतं. संशय घेतो, आणि तो बळावतो. शंका घेऊन कोणाच्या तरी दारात जावं लागतं, संशय घरबसल्या पोसता येतो. मोठ्या दहशतवादी हल्ल्यावर वाद सुरू झाला की या दोघांची सरमिसळ होते. मग साधं काही विचारणाराही ‘कटवाला’ ठरतो, आणि पक्का कटवाला ‘मी तर फक्त प्रश्न विचारतोय’ म्हणून सुटतो.

जॅकेटची शंका खुद्द करकऱ्यांच्या पत्नी कविता करकरे यांची होती. त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केला आणि जॅकेटचा पत्ता नाही हे पोलिसांना कागदावर कबूल करावं लागलं. करकऱ्यांसोबत मारले गेलेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी त्याच कायद्याने नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागितल्या. सहजासहजी मिळाल्या नाहीत, पण मिळाल्या तेव्हा करकऱ्यांनी कामा हॉस्पिटलपाशी कुमक मागितली होती हे त्यांत निघालं. शंका कशी दिसते ते मला विचाराल तर अशी दिसते: अर्ज, नकार, अपील, आणि शेवटी हातात एक कागद. त्या कागदाने पोलिसांची लाज काढली, पण त्यावर कट काही लिहिलेला नव्हता.

संशयाची वाट दुसरी. करकरे तेव्हा मालेगाव स्फोटाचा तपास करत होते, म्हणजे दहशतवाद्यांच्या आडून ‘दुसऱ्याच कोणीतरी’ त्यांना संपवलं, अशी ही कहाणी. हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत केंद्रीय मंत्री ए. आर. अंतुले यांनी, करकऱ्यांना कामाकडे कोणी पाठवलं, असं जाहीरपणे विचारलं. विचारणं ठीकच होतं. गृहमंत्री चिदंबरम यांनी संसदेत उत्तर दिलं, अंतुले म्हणाले समाधान झालं, आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. बाळ्याच्या मोबाइलमध्ये मात्र अंतुल्यांचा प्रश्न तेवढा आहे. उत्तर कोणी फॉरवर्ड करत नाही.

त्या रात्री करकरे, कामटे आणि पोलीस अधिकारी विजय साळसकर ज्या क्वालिस गाडीत होते, तिच्या मागच्या भागात हवालदार अरुण जाधव जखमी होऊन पडले होते. दहशतवादी तीच गाडी घेऊन निघाले आणि मागे जाधव जिवंत होते. त्यांनी पुढे कोर्टात कसाबला ओळखलं. कोर्ट सरकारची री ओढतं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीयांवरचा आरोप पुराव्याअभावी टिकला नाही, ते सुटले. कसाबची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 ला कायम केली. आणि कट म्हणाल तर तो होताच की. लष्कर-ए-तैयबाचा हस्तक हेडली मुंबईत येऊन ठिकाणं पाहून गेला होता, आणि कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजला हे फेब्रुवारी 2009 मध्ये तिथले रहमान मलिक यांनीही सरकारच्या वतीने मान्य केलं. सिद्ध झालेल्या कटात नावं असतात, तारखा असतात, फोनवरचं बोलणं असतं. कहाणीतल्या कटात ‘ते लोक’ असतात.

फरक इतका सरळ असता तर मी हे लिहिलंच नसतं. अमेरिकेतल्या 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याचं घ्या. ‘विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही’ हा तिथला लाडका मुद्दा. खराच आहे. पोलाद वितळायला 1500 अंशांच्या आसपास लागतात. पण लोहाराच्या भट्टीपाशी उभं राहून पाहा, तो लोखंड वितळवतो कुठे? लाल करतो आणि वाकवतो. 600 अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि वर मजल्यांचं ओझं असेल तर तेवढं पुरतं.

त्याच दिवशी संध्याकाळी कोसळलेली वर्ल्ड ट्रेड सेंटरची सातवी इमारत मात्र जास्त अवघड. तिला विमान धडकलंच नव्हतं. एनआयएसटी या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2008 मध्ये अहवालाचा मसुदा काढला, तेव्हा शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या एका शिक्षकाने व्हिडिओ मोजून दाखवला: इमारत काही क्षण मुक्तपणे, वस्तू हातातून सुटावी तशी पडत होती. नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात संस्थेने ते मान्य केलं, 2.25 सेकंद. संस्थेच्या मते आगीने आतला एक खांब निकामी झाला, मग आतला सांगाडा गेला आणि शेवटी बाहेरचे खांब वाकले, म्हणून ते क्षण. शिक्षकाला हे पटलं नाही, इमारत सुरुंग लावून पाडली हे मत त्याने सोडलं नाही. एकाच माणसाची शंका सरकारी अहवाल बदलून गेली आणि त्याचा संशय जागचा हलला नाही. म्हणून माणसाकडे बघून ‘हा त्यातला’ म्हणणं मला पटत नाही, बघायचं ते वाक्याकडे.

आणि सरकारं खोटं बोलतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 12 मार्च 1993 ला मुंबईत बारा स्फोट झाले. मुख्यमंत्री शरद पवारांनी टीव्हीवर तेरावा सांगितला, मुस्लिम वस्तीतल्या मशीद बंदरचा, जो झालाच नव्हता. दंगल पेटू नये म्हणून मुद्दाम सांगितलं, हे पुढे त्यांनीच अनेकदा बोलून दाखवलं. त्याच खटल्यातला याकूब मेमन 2015 मध्ये आपल्या इथल्या मध्यवर्ती कारागृहात फासावर गेला. तेराव्या स्फोटाची गोष्ट ऐकल्यावर सरकारच्या शब्दावर कोणी डोळे झाकून विश्वास ठेवावा, असं मी म्हणणार नाही.

मला राग येतो तो वेगळ्या कारणाने. सगळं कोणीतरी ठरवून केलं म्हटलं की हलगर्जीपणाचा हिशेब कोणी मागत नाही. कुमक का पोचली नाही, हे विचारायचंच राहून जातं. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने त्या रात्रीच्या पोलीस नेतृत्वावर ठपका ठेवला होता. बाळ्याने ते कधी फॉरवर्ड केलेलं मला आठवत नाही. त्यात खलनायक नाही ना.

शेवटी मी त्याला विचारलं, “काय दाखवलं तर तुला पटेल?”

“जॅकेट.”

“आणि उद्या सापडलं समज?”

बाळ्याने चण्यांखालची तर्री चमच्याने खरवडली, ताटली गाडीवाल्याकडे सरकवली.

“थेच जॅकेट हाय, कशावरून?”