ध्रुवीय संरेखन

दुर्बिणीच्या इक्वेटोरियल माउंटचा (ताऱ्यांच्या मागे एकाच अक्षाभोवती दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा) मुख्य अक्ष पृथ्वीच्या परिवलनाच्या अक्षाला समांतर करण्याच्या क्रियेस ध्रुवीय संरेखन म्हणतात. हौशी खगोलछायाचित्रकार तिला सर्रास ‘पोलर अलाइनमेंट’ म्हणतात. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाजवळचा) तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग, आणि कला म्हणजे अंशाचा साठावा) पश्चिमेकडे सरकतो आणि माउंटची मोटर त्याच वेगाने दुर्बीण त्याच्यामागे नेते. अक्षच चुकीच्या जागी रोखलेला असेल, तर मोटर कितीही बिनचूक असली तरी तारा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे निसटत राहतो. अक्ष १० कलांनी चुकला असेल, तर पाच मिनिटांच्या एका चित्रात हे निसटणे १३ विकलांपर्यंत जाऊ शकते आणि तारे ठिपक्यांऐवजी रेघोट्या होऊन उमटतात. ऑटोगायडर, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल आपोआप दुरुस्त करणारा कॅमेरा, लावून ही चूक झाकता येते, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण ऑटोगायडर ज्या ताऱ्यावर खिळलेला असतो तो तारा जागेवर राहतो, पण उरलेले चित्र त्याच्याभोवती हळूहळू फिरते आणि कडेचे तारे वक्राकार ओढले जातात.

कोणत्याही ठिकाणी खगोलीय ध्रुवाची, म्हणजे पृथ्वीचा अक्ष आकाशात जिथे रोखलेला आहे त्या बिंदूची, क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते; मुंबईत ती सुमारे १९ अंश आहे. इतक्या खालच्या आकाशात शेजारची इमारत, पाण्याची टाकी आणि शहराचा धुरकट उजेड या तिन्हींची आडकाठी होते, आणि दुसऱ्या प्रतीचा ध्रुवतारा नुसत्या डोळ्यांनी दिसेलच याची खात्री नसते. शिवाय या उंचीवर वातावरणीय वक्रीभवनामुळे ध्रुव खऱ्या जागेपेक्षा जवळपास तीन कला वर दिसतो.

ज्याला अढळपद मिळाले तो ध्रुव, असे आपण लहानपणापासून ऐकतो. संरेखन करताना मात्र हे अढळपद बाजूला ठेवावे लागते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या सुमारे ३८ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासापेक्षा थोडा अधिक, दूर आहे आणि त्याच्याभोवती दररोज एक लहान वर्तुळ काढतो. म्हणून माउंटच्या अक्षातून पाहण्याच्या पोलर स्कोपमध्ये घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळ कोरलेले असते, आणि तारा त्या क्षणी वर्तुळावर जिथे असायला हवा तिथे आणून ठेवायचा असतो. ही जागा स्थानिक वेळेवर ठरते. मोबाइलवरील अ‍ॅप रेखांश धरूनच ती दाखवते. हाताने तबकडी लावणाऱ्याची मुंबईत हमखास फसगत होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर, त्यामुळे शहराची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असते. (ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘बॉम्बे टाइम’ या शहराने प्रमाणवेळ आल्यानंतरही १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ती याच फरकामुळे.) ही ३९ मिनिटे वजा करायची राहिली, तर तारा वर्तुळावर जवळपास १० अंश चुकीच्या जागी बसतो आणि अक्ष सहा कलांहून अधिक ढळतो.

उत्तर शोधण्यासाठी होकायंत्र वापरण्याची सवय सर्वत्र आहे. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशापेक्षा कमी असल्याने ती तत्त्वतः चालण्यासारखी आहे. प्रत्यक्षात गच्चीच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्या सुई भलतीकडे वळवतात. कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणे विजेच्या ट्राममुळे मोजमापे बिघडतील या धास्तीने १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती, हे या संदर्भात आठवावे.

ध्रुवतारा झाकलेला असेल, तर ड्रिफ्ट पद्धत कामी येते. दक्षिणेकडे याम्योत्तरवृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) आणि खगोलीय विषुववृत्त यांच्या छेदाजवळचा एक तारा काही मिनिटे पाहत राहावे. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष प्रमाणाबाहेर पूर्वेकडे आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. नंतर पूर्वेला क्षितिजाजवळचा तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. समुद्राकडची बाजू मोकळी असलेल्या गच्चीवरून पश्चिमेचा तारा घेणे सोयीचे असते, मात्र तेव्हा हा दुसरा नियम उलटा वाचावा लागतो. ही पद्धत वेळखाऊ असली तरी तिच्याइतकी प्रामाणिक दुसरी नाही. अलीकडे संगणक माउंट थोडा थोडा फिरवून तीन चित्रे घेतो, त्यांतील तारे ओळखून अक्षाची चूक कलांमध्ये सांगतो, आणि काही प्रणालींना त्यासाठी ध्रुवाजवळचे आकाशही लागत नाही; गजबजलेल्या उपनगरात ही मोठीच सोय आहे. शहरात आकाशच इतके उजळ असते की एकेक चित्र अर्ध्या-एक मिनिटापेक्षा लांबवून फारसे हाती लागत नाही, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. अमावास्येच्या सुमारास मुंबईबाहेर वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी गेल्यावर तीच चूक उघडी पडते.

प्रत्यक्ष हाताळणीत बारकावे बरेच आहेत. पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो, म्हणून तिपाई आधी पाणसळीने समतल करावी. तत्त्वतः ते आवश्यक नाही, पण तसे न केल्यास आडवा स्क्रू फिरवताना उंचीही बदलते. आडव्या दिशेचे दोन स्क्रू समोरासमोर एकाच खुंटीला रेटतात, तेव्हा एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नये. उंचीचा शेवटचा फेर नेहमी खालून वर द्यावा, म्हणजे वजनाने आटे घट्ट बसतात. १९ अंशांवर अक्ष बराच आडवा राहत असल्याने प्रतिभार (दुर्बिणीचा तोल साधणारे वजन) तिपाईच्या पायाला आपटू शकतो. म्हणून दुर्बीण हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहावी. सर्व स्क्रू आवळले की तारा पोलर स्कोपमध्ये किंचित उडी मारतो, आणि दुर्बीण, कॅमेरा चढवल्यावर पुन्हा एकदा; म्हणून शेवटची तपासणी सगळे सामान माउंटवर चढल्यानंतरच करतात.